आजची फाइल धड आहे का, ते आधी बघा

प्रश्न (देवगडहून एक वाचक) : नमस्कार दादा, आमची हापूसची बाग आहे, किती पेट्या वाशीला गेल्या, कोणाकडून किती यायचेत हा सगळा हिशोब उबंटूवाल्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. रोज रात्री २ ला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) बॅकअप होतो, पण परवा डिस्कच भरली. ७ दिवसांपेक्षा जुन्या फाइली डिलीट करणारी एक ओळ भाच्याने लिहून दिलीय, टाकू का? भीती वाटते. पावसात इथे लाइटचं काय असतं ते माहितीच आहे तुम्हाला.

उत्तर : ताई, तशीच टाकू नका. ती ओळ फक्त फाइल किती जुनी एवढंच बघते, नवीन धड बनली का हे कोण बघणार?

गुहागरला माझ्या भावाच्या होमस्टेचं असंच झालं. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. मग रोज रात्री फाइल बनायची, नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज २० बाइट! डंपमधून (डेटाबेसची नक्कल काढणारी कमांड) काहीच येत नव्हतं आणि फाइल दाबून लहान करणारं जीझिप रिकामीच पुडी बांधत होतं, आणि डिलीटवाली ओळ रोज एक चांगली फाइल उडवत होती. जूनमध्ये डिस्क गेली, बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप उघडला तर सगळ्याच २० बाइटच्या. वहिनीने अख्ख्या सीझनचं बुकिंग व्हॉट्सअॅपचे मेसेज बघून परत भरलं, मी शेजारी बसलेलो, अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी चेक, मग डिलीट. फाइल रिकामी आहे का बघणारी शेलची माइनस एस टेस्ट इथे पुरत नाही, २० बाइट म्हणजे शून्य नाही ना. जीझिप माइनस टी लावा, लाइट जाऊन अर्धी राहिलेली फाइल त्यात पकडली जाते, पण रिकामी पुडी त्यातूनही पास होते. खरी खूण म्हणजे मायएसक्यूएल डंप नीट संपला की शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' लिहितो, तर झेडकॅट कमांडने दाबलेली फाइल उघडून टेल कमांडने शेवट घ्यायचा आणि ग्रेप कमांडने तेच शब्द शोधायचे. सापडले तरच पुढे फाइंड, म्हणजे जुन्या फाइली शोधून डिलीट करणारी ती ओळ, चालवायची, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच एक्झिट. २ वाजता लाइट नसेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, म्हणजे आजची फाइलच नसणार, मग त्या दिवशी काहीच डिलीट होणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

फाइंडमध्ये फोल्डरचा पूर्ण पाथ द्या, नावाचा पॅटर्न कोट्समध्ये घाला आणि माइनस डिलीट सगळ्यात शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, डिलीट नावाच्या आधी आलं तर अख्खा फोल्डर साफ, आणि इथे ट्रॅश वगैरे काही नाही. पहिले दोनचार दिवस डिलीटच्या जागी माइनस प्रिंट ठेवा, कुठल्या फाइली जाणार ते नुसतं दिसेल. ओळीतलं एमटाइम (फाइल शेवटची कधी बदलली) प्लस ७ म्हणजे पूर्ण ८ दिवस झालेल्या फाइली बरं का, एक जास्त दिसली तर घाबरू नका.

पण आत्ता तुमची डिस्क भरलेली आहे, म्हणजे आजचा बॅकअपही अर्धाच होणार, चेक फेल होणार आणि जागा कधी मोकळीच होणार नाही. तेव्हा आज आधी शेवटची चांगली फाइल तपासून पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या घरी ठेवा, आणि सगळ्यात जुन्या चारपाच फाइली हाताने काढा.