जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, कसं ओळखायचं?

चेक इंजिन लाइट लागला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड आला की लगेच नवीन सेन्सर घ्यायला पळू नका, माझा स्वतःचा एक असाच फुकट गेलाय, दोष निघाला मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या नळ्यांच्या) फुटक्या गॅस्केटचा (जोडातल्या सीलचा). तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बिचारा सेन्सर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असं सांगत बसतो.

आधी इंजिन नीट गरम करा, कारण सेन्सर स्वतः साधारण ३०० डिग्री सेल्सियसच्या खाली असेल तर कामच करत नाही. मग डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून सिग्नल वायर कनेक्टरच्या मागून टोचून बघा (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, आधीचा सेन्सर हां, नंतरचा बऱ्यापैकी स्थिरच असतो). रीडिंग ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं खालीवर नाचायला पाहिजे. ०.४५ च्या आसपास चिकटून बसलं तर सेन्सर मेलाय किंवा वायर तुटलीय. खालीच (म्हणजे लीनवर) अडकलं तर इंजिनचा एक व्हॅक्यूम पाइप काढून परत लावा, ॲक्सिलरेटर झटकन दाबा, तेव्हा वर उडी मारली तर सेन्सर ठीक आहे, लीकेज शोधा.

कोड पी०१३५ असेल तर सेन्सर गरम करणाऱ्या हीटरचं सर्किट बघा, फ्यूजपासून सुरुवात करा. सिग्नल वायरवर ओहम मात्र मोजू नका.