बांधावरचे प्रश्न: गाय सुटली, लाईट गेली आणि शेळ्या वांग्यात

यावेळी बहुतेक पत्रं दोन-तीन एकरवाल्यांची आलीत, आणि सगळ्यांचा सूर एकच, की कामं संपत नाहीत. काही पत्रं लांब होती, ती थोडी कापून घेतलीत, राग नसावा.

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायको पुण्यातलं काम सोडून पुरंदरला सासरच्या जमिनीवर राहायला आलोय. दोन एकर रान, दोन गाई, सहा शेळ्या, पंचवीसेक कोंबड्या, थोडी भाजी आणि बांधाला सीताफळं. पण रोज काहीतरी होतंच. परवा सकाळी धार काढायला बसले तर लाईट आली म्हणून हे मोटर चालू करायला पळाले, तेवढ्यात एक शेळी दावं सोडून वांग्यात, तिला हाकलायला मी उठले तर गाईने बादली लाथाडली, आणि दूधवाला गेटवर हॉर्न वाजवतोय. दोघांची भांडणं होतात. आमचं चुकतंय कुठे? (एक वाचक, ता. पुरंदर)

उत्तर: ताई, चुकत काही नाहीये, तुमच्याकडे चार धंदे आहेत आणि माणसं दोन, त्यामुळे हे होणारच. पण यातल्या कुठल्या कामाला घड्याळ आहे आणि कुठल्याला नाही हे एकदा दोघांनी बसून ठरवून टाका. घड्याळ आहे ते फक्त धारेला. सकाळ-संध्याकाळच्या धारेत साधारण बारा तासांचं अंतर आणि वेळ रोज तीच, मग गाय पान्हा नीट सोडते. म्हणून जी व्यक्ती धारेला बसली ती उठणार नाही, शेळी वांग्यात गेली तरी नाही. वांगी परत फुटतात हो, पण अर्धवट पिळलेली कास म्हणजे दगडीला (कास सुजण्याच्या आजाराला) आमंत्रण, आणि एकदा दगडी झाली की दूध, औषध, डॉक्टर सगळंच अंगावर येतं. आणि वैरण धारेच्या आधी नाही, धार झाल्यावर टाका. पिळून झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, गाय तेव्हा शेणात बसली की जंतू आत शिरतात, पुढ्यात वैरण असली की ती उभी राहते. ह्याला एक रुपया लागत नाही आणि तरी कितीतरी गोठ्यांवर उलटंच चालतं.

आता खरं मोठं काम सांगते. गाई दाव्यातून सोडा, म्हणजे मुक्त संचार गोठा करा. जाळीचं कंपाउंड, एका गाईमागे साधारण दोनशे चौरस फूट मोकळी जागा, एका बाजूला सावलीचं शेड, गव्हाण आणि पाण्याची टाकी, बस. दुधातली गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी पिते, बांधलेल्या गाईला ते कुणीतरी आठवणीने दाखवावं लागतं आणि लगबगीत राहून जातं, मोकळी असली की तहान लागेल तेव्हा जाऊन पिते. शेण रोज दोनदा उचलायची गरज उरत नाही. जमीन मात्र मुरूम टाकून आजूबाजूपेक्षा उंच घ्या, नाहीतर जुलैत चिखल होतो आणि खुरं खराब होतात, हे काम पाऊस यायच्या आतच उरका.

शेळ्यांचं म्हणाल तर शेळी ही खाली मान घालून चरणारी नाही, मान वर करून पाला ओरबाडणारी. तिला गवत कितीही घाला, तिचं लक्ष झाडावर. बांधाला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावून टाका, रोज चार फांद्या छाटून टांगल्या की निम्मा उपद्रव थांबतो (सुबाभूळ एकटी भरपूर घालू नका, बाकीच्या चाऱ्यात मिसळूनच द्या). आणि दावं काढून बंदिस्त कुंपण करा. माझं स्पष्ट मत आहे की कुंपण आधी आणि शेळी नंतर, आणि तुमचं कुंपण होत नसेल तर सहाच्या तीन करा. माणसाचं लक्ष जेवढ्या जनावरांवर पोचतं तेवढीच परवडतात. कोंबड्या संध्याकाळी चारनंतर सोडा, तोवर अंडी घालून झालेली असतात आणि दोन तासांत त्या वाफे उकरतील ते थोडंच.

भांडणाचं काय, ते कामावरून नसतं, "मी सांगितलं होतं" यावरून असतं. भिंतीला एक पाटी लावा, कुठली गाय कधी भरवली (रेतन केलं), कधी माजावर येईल, लस कधीची, पेंड कधी संपेल. डोक्यातलं पाटीवर गेलं की एकमेकांना विचारावं लागत नाही. बघा करून.

प्रश्न: ताई, आमची गाय पुढच्या आठवड्यात विणार आहे. सासूबाई म्हणतात वार (विल्यावर पडणारी झिल्ली) पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, वार अडकते. मागच्या वेळी तसंच केलं आणि वासरू हगवण लागून गेलं. यावेळी काय करू? (सूनबाई, ता. संगमनेर)

उत्तर: चीक लगेच पाजा. वासरू उभं राहायला धडपडतंय तोवरच, पहिल्या तासाच्या आत. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी प्रतिकारशक्ती मिळते, गाईच्या वासराला ती जवळपास मिळत नाही, त्याला जे मिळायचं ते सगळं चिकातून. आणि वासराच्या आतड्यातून ती रक्तात जायची वाट तासातासाला बंद होत जाते, चोवीस तासांनी ती बंदच. त्यामुळे वारेची वाट बघत सात-आठ तास गेले की वासराचं नुकसान झालंच, मग नंतर बादलीभर पाजून फारसा उपयोग नाही. हिशोब सोपा आहे, वजनाचा दहावा भाग, म्हणजे तीस किलोच्या वासराला दिवसाला तीन लिटर, तो तीन-चार वेळा विभागून, पहिला घोट सगळ्यात मोलाचा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका, हगवणीचे आणि सांधे सुजण्याचे जंतू तिथूनही शिरतात.

सासूबाईंना हे असं सांगा की वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात जो पान्ह्याचा हार्मोन सुटतो, त्यानेच गर्भाशय आकसतं आणि वार लवकर सुटते. म्हणजे त्यांना जे हवंय तेच चीक पाजल्याने होतं. त्यांची काळजी गाईसाठीच आहे, ती मोडून काढायची नाही. वार साधारण आठ-बारा तासांत पडते. तिला लोंबकळत वीट, चप्पल काही बांधू नका आणि हाताने ओढू नका, आत तुटते आणि मग सडते. बारा तास उलटले की सरळ डॉक्टरांना बोलवा, आणि पडलेली वार कुत्र्यांना न टाकता खोल पुरा.

वासराचं पोट भरून चीक उरतोच, त्याचा खरवस करा, वेलची-गूळ घालून. शेजारी वाटी पाठवली की रिकामी वाटी परत येत नाही, कुणी दोडका घालून देतं कुणी मूठभर शेंगा. ह्या आनंदाची बेरीज कुठल्या वहीत येत नाही पण मला तरी शेतीतला हा भाग फार मोठा वाटतो.

प्रश्न: दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या गावठी कोंबड्या मान वाकडी होऊन, हिरवं हगून पटापट मरतात. तीस होत्या, सहा राहिल्या. लस आणायला गेलो तर शंभर कोंबड्यांची बाटली मिळते, आमच्याकडे तेवढ्या कुठायत? (ता. रोहा, रायगड)

उत्तर: दादा, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. लागल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत लासोटा, आणि आठव्या आठवड्यात आर टू बी ही दुसरी लस, ती पंखाखाली टोचायची. लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे दुकानातून घरी येईपर्यंत बर्फात, आणि फोडली की दोन तासांत संपवायची, उद्यासाठी ठेवायची नाही. म्हणूनच बाटली मोठी आहे ही अडचण न समजता वाडीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवा, संध्याकाळी कोंबड्या डाल्यात गेल्या की घरोघर फिरून एका दमात टोचून मोकळं व्हा. एकट्याच्या कोंबड्या टोचून तसाही पूर्ण फायदा नाही, शेजारच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर येतात. जी आधीच मलूल आहे तिला टोचू नका, वेगळी ठेवा. मेलेल्या ओढ्यात टाकता असं पत्रात लिहिलंत, ते कृपा करून बंद करा, चुना घालून पुरा, रोग त्याच पाण्याने खालच्या वाडीत जातो.

प्रश्न: आमची वस्ती उसात आहे, बिबट्या रोज दिसतो, मागच्या महिन्यात कुत्रं नेलं. मुलगी सात वर्षांची आहे. रात्री पाण्याची पाळी असते तेव्हा हे रानात आणि आम्ही दोघी घरात. शेती सोडून गावात जावं का? (ता. जुन्नर)

उत्तर: ताई, तुमची भीती खरी आहे आणि "काही होत नाही" असं मी म्हणणार नाही. तिथला बिबट्या जंगलातून चुकून आलेला नाही, तो उसातच जन्मलाय, बारा-पंधरा महिने हलत नाही असं दाट रान, पाणी आणि कुत्री-डुकरं-शेळ्या, त्याला अजून काय हवं. पकडून लांब सोडा असं सगळे म्हणतात, पण 2001 नंतर जुन्नर भागात तसंच केलं गेलं आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले, वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया यांच्या अभ्यासात हे नीट मांडलंय. म्हणून आपल्या हातात आहे ते आधी करा. अंधार पडायच्या आत मुलगी घरात, अंगणात सुद्धा एकटी नाही. शौचाला, भांडी घासायला वाकून-बसून कुणी अंधारात नको, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. घराच्या आणि उसाच्या मध्ये मोकळी पट्टी ठेवा, दाराला लागून ऊस लावू नका, तेवढ्या चार सरींचं उत्पन्न गेलं तरी जाऊ दे. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वरूनही बंद. ऊसतोडीत बछडे दिसले तर हात न लावता तोड थांबवून वन विभागाला कळवा, 1926 हा त्यांचा नंबर, मादी रात्री येऊन घेऊन जाते, आणि पिल्लं हलवली तर तीच चवताळते.

रात्रीची पाळी हा सगळ्यात धोक्याचा भाग, म्हणून दिवसाच पाणी देता यावं यासाठी सौर पंप बघा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपीचा पंप मिळतो, सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 5 टक्के भरायचे. आपल्या पाण्याच्या खोलीला तो पुरेल का हे आधी तपासून घ्या, आणि बसत असेल तर यातच पैसा घाला, ट्रॅक्टर नंतर. गावात जायचा निर्णय तुमचाच, पण निदान पाऊसकाळभर मुलगी मामाकडे राहिली तर त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: मेथीची जुडी दोन रुपयाला मागतात, उपटायची मजुरी निघत नाही. रोटर मारून टाकू का? (ता. निफाड)

उत्तर: आत्ताची मारा, जमिनीला खत होईल, किंवा गाईंना थोडीथोडी सुकवून घाला, ओली भारंभार घातलीत तर पोट फुगेल. पुढच्या वेळी वीस गुंठे एकदम टाकू नका. मेथी महिन्याभरात निघते, चार-चार गुंठे आठवड्याच्या अंतराने टाकली की कुठल्या तरी खेपेला भाव सापडतो, आणि थोडा माल असला की आठवडी बाजारात स्वतः बसून विकता येतो, अडत-हमाली वाचते.

प्रश्न: मे महिन्यात मुंबईची भाचरं येणार आहेत, पाच जणं. त्यांना काय कामं द्यावीत? त्यांची आई म्हणते मुलांना शेती कळू दे. (ता. महाड)

उत्तर: खरी कामं द्या, खेळातली नको. अंडी गोळा करणं, शेळ्यांना पाला टांगणं, ठिबकचा फिल्टर धुणं, हे मुलं फार मन लावून करतात. खुडूक कोंबडीखाली आत्ताच अंडी ठेवा, एकवीस दिवस मोजायला त्यांना सांगा, आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून दाखवा, आत लालसर शिरा आणि हलणारा ठिपका दिसतो, मुलं श्वास रोखून बघतात. विहिरीला जाळी, स्टार्टरच्या पेटीला कुलूप आणि कीटकनाशकं उंच फडताळात, हे ती यायच्या आत. दगड आणि लाकडं उलथू देऊ नका, कोकणातला लाल विंचू मुलांना जिवावर बेततो. चावलाच तर भगताकडे नाही, थेट दवाखान्यात, तुमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचे उपचार रूढ केल्यापासून वेळेत पोचलेली बहुतेक मुलं वाचतात. साप चावला तरी तेच, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय न हलवता 108 ला फोन.

मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) पत्रं बरीच आलीत, ती पुढच्या अंकात घेते, मका पेरायला अजून अवकाश आहे.