मार्क नंतर दे, आधी जागा सांग

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही मिळाली. दोनदा वाचली. एका महिन्यात ४१ अल्बम, प्रत्येकापुढे तारीख, कलाकाराचं नाव, प्रकार आणि दहापैकी मार्क. मेहनत दिसते. पण मी मोजून पाहिलं, त्यातल्या २६ अल्बमना तू सात मार्क दिले आहेस. ऐकलं, वाईट नव्हतं, पुढचं लावलं, एवढाच त्या सातचा अर्थ असतो, हे मी इतकी वर्षं परीक्षणं लिहून शिकले आहे.

मग एका पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं हे वाक्य दिसलं: ‘चौथ्या गाण्यात सगळं थांबतं आणि ढोलकी एकटी उरते, तिथे माझी बस निघून गेली तरी मला कळलं नाही.’ त्या अल्बमलाही सातच!

तुझ्या सगळ्या वहीत मला हे एक वाक्य सर्वांत मोलाचं वाटलं. आपल्याकडे मैफलीत जाणकार माणूस गायकाला मार्क देत नाही. ‘काय जागा घेतली!’ म्हणतो. नेमकं कुठे काय घडलं ते त्याच्या कानाने पकडलेलं असतं. पॉप असो, रॅप असो, कुणी घरच्या खोलीत लॅपटॉपवर केलेला अल्बम असो, ऐकणाऱ्याचं पहिलं काम तेच. अल्बम संपल्यावर तुला त्यातली एकही जागा सांगता येत नसेल, तर तुझ्यापाशी अजून मत नाही, फक्त मूड आहे. अशा अल्बमपुढे काहीच लिहू नकोस. रकाना कोरा राहू दे.

आता तू विचारलेल्या पहिल्या प्रश्नाकडे येते: नवं शोधायचं कुठे? जुलै २०१५ पासून जगभरात नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि शुक्रवारी सकाळी तुझ्या फोनवर तयार यादी हजर असते. ती यादी वाईट नसते, पण तू काल जे ऐकलंस त्याच्याच शेजारपाजारचं ती आणून देते. तिथून सुरुवात कर, पण तिथेच राहू नकोस. माझा भरवसा नावांवर आहे. गाण्याखाली दिलेली श्रेयं उघडून बघायची आणि त्या नावांचा माग काढायचा.

तुझ्याच वहीतलं उदाहरण घेऊ. सीधे मौत या दिल्लीच्या रॅप जोडीच्या ‘नायाब’ला (२०२२) तू नऊ दिलेस, पण संगीत कुणाचं ते लिहिलं नाहीस. ते सेझ ऑन द बीट या संगीत निर्मात्याचं. ते नाव धरून मागे जा. २०१८ चा त्याच जोडीचा ‘बयान’ लागेल. त्याच्या मागे २०१७ चा ‘क्लास-सिख’, दिल्लीच्या टिळक नगरातल्या प्रभ दीपचा, पंजाबीतला. आणखी मागे गेलीस तर २०१५ चं डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं ‘मेरे गली में’ हे गाणं, म्हणजे थेट आपली मुंबई, अंधेरी आणि कुर्ल्याची पोरं. एका नावामागे जाऊन तू दोन शहरं, दोन भाषा आणि सात वर्षं फिरून आलीस. त्या वाटेवर ताल कुठे भरगच्च होता आणि कुठे त्याने शब्दांना मोकळी जागा सोडली, हे तुझं तुलाच ऐकू यायला लागेल.

कधी आवाजाचा माग काढावा. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) तुला आवडला. त्यात इंग्रजीत गाणारा सूर्यकांत साहनी त्याच वर्षी ‘लिफाफा’ या नावाने ‘जागो’ घेऊन आला होता. तिथे तो हिंदीत गातो आणि मागे बँडऐवजी इलेक्ट्रॉनिक वाद्यमेळ आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐक. भाषा बदलली की गळा कसा बदलतो हे कळायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

बँडकॅम्प ही कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. ज्याने चार ओळी मन लावून लिहिल्या असतील, त्याचा संग्रह उघड. अनोळखी माणसाच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटतं, पण तो संग्रह लोकांनी बघावा म्हणूनच मांडलेला असतो. आणि जमेल तेव्हा तिथे विकतही घे. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के बँडकॅम्प ठेवतं, बाकीचा मोठा भाग कलाकाराला जातो. वर्षभर स्ट्रीमिंगवर ऐकून त्याला जे मिळेल त्यापेक्षा तुझी एक खरेदी बहुधा जास्त देईल. पुण्या-मुंबईतल्या कार्यक्रमांना जातेस तेव्हा वेळेवर जा. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांना अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर वाजवावं लागतं, आणि पुढच्या दोन वर्षांतलं चांगलं काही बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा कानावर पडतं.

आता ऐकायचं कसं, ते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा ‘कंदिसा’ २००० सालचा, तुझ्या जन्माच्या आधीचा. नवा नाही, पण कान तयार करायला मी सगळ्यांना तोच देते. पहिल्यांदा सरळ ऐक, सातही गाणी ओळीने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दुसऱ्यांदा फक्त राहुल रामची बेस गिटार ऐक. बाकीचं कानावर पडेलच, पण तू बेसचा हात सोडायचा नाहीस. तिसऱ्यांदा फक्त असीम चक्रवर्ती. तबला वाजवता वाजवता गाणारा हा माणूस २००९ मध्ये गेला. हाताचा ठेका आणि गळ्याचा श्वास एकाच देहातून येतो तेव्हा गाणं कसं झुलतं, ते तिसऱ्या खेपेला कळतं. शीर्षकगीतात केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे. शब्द मला आजही समजत नाहीत. ते संथ सुरू होतं, मग आवाजावर आवाज चढत जातो, आणि माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. ‘मा रेवा’ नर्मदेचं. आपल्या धडगाव-अक्कलकुव्यातली गावं त्याच नदीकाठची, आणि राहुल राम नर्मदा आंदोलनात होता, हे कळल्यावर मी ते पुन्हा लावलं. माहितीने गाणं चांगलं झालं नाही, ते आधीच चांगलं होतं. पण मला ते जवळचं झालं. या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहायला शीक.

गाण्यांच्या क्रमाकडेही लक्ष दे. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण बावीस मिनिटं मावायची, म्हणून दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं म्हणजे नवी सुरुवात असायची. आता स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की गाणं मोजलं जातं, त्यामुळे पुष्कळ जण सगळा जीव पहिल्या अर्ध्या मिनिटात ओततात. एखादी मुलगी तरीही दोन मिनिटांचा संथ आरंभ ठेवत असेल, तर तिने तो समजून उमजून ठेवला आहे. तिला ती दोन मिनिटं दे.

एक साधी तांत्रिक गोष्ट. दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी कर. जे मोठ्याने वाजतं ते कानाला उगाच सरस वाटतं. ॲपच्या सेटिंगमध्ये पातळी समान ठेवण्याची सोय असते, ती चालू ठेव.

आणि मार्क. पिचफोर्क या अमेरिकी संगीत प्रकाशनाने २०२१ मध्ये आपल्याच १९ जुन्या परीक्षणांचे मार्क बदलले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला २००१ मध्ये ६.४ दिले होते, ते सरळ दहा केले. अल्बम तोच, वीस वर्षांत ऐकणारे बदलले. दशांश चिन्हापर्यंत अचूक मार्क देणाऱ्यांची ही गत, तर तू एका ऐकण्यावर सात लिहायची घाई कशाला करतेस?

ही घाई मी केलेली आहे. एका पुरवणीसाठी लिहायचे तेव्हाची गोष्ट. बुधवारी रात्री मजकूर द्यायचा होता, आणि एका तरुण गायिकेचा पहिलाच अल्बम मी स्वयंपाक करताना एकदा ऐकला. कुकरच्या शिट्ट्यांत. ‘एकसुरी’ असा शब्द लिहिला आणि मोकळी झाले. दोन वर्षांनी एका छोट्या सभागृहात तीच गाणी समोर ऐकली. आठही गाण्यांखाली हार्मोनियमचा एकच स्वर तिने धरून ठेवला होता, आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो सोडला. सगळं सभागृह एकदम हलकं झालं. मी ज्याला एकसुरी म्हटलं तोच त्या अल्बमचा कणा होता. नंतर भेटायला गेले तर ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही लिहिलं होतं ते माझ्या आईने कापून ठेवलंय. त्या अल्बमवर दुसरं कुणी लिहिलंच नाही.’ मी माफी मागितली. पण ते कात्रण तसंच आहे.

मोठ्या नावांवर शंभर जण लिहितात, तिथे तुझं चुकलं तर फारसं बिघडत नाही. छोट्या माणसाच्या पहिल्या अल्बमवर कदाचित तू एकटीच लिहिणार असतेस. तिथे चार वेळा ऐक. नाहीच आवडला तर खुशाल तसं लिही, पण नेमकं काय आणि कोणत्या गाण्यात, ते सांग. शब्द कच्चे आहेत, की चाल ओळखीची आहे, की आवाजावर यंत्राने इतके संस्कार केलेत की माणूसच ऐकू येत नाही?

पुढच्या महिन्यात चारच अल्बम घे. त्यातला एक असा असू दे ज्याची भाषा तुला येत नाही, आणि एक तुला हमखास आवडणार नाही असा. ढोलकीचा तो अल्बम मात्र माझ्यासाठी राखून ठेव, मी मुद्दाम अजून ऐकलेला नाही. रविवारी चारच्या सुमारास ये. डावा स्पीकर दुरुस्त होऊन आला आहे. पहिल्यांदा लावू तेव्हा ती जागा कुठे येते ते मला सांगू नकोस.

तुझी,
मावशी