कॉलेज कुठे आहे त्याआधी तू राहणार कुठे ते बघ

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण २०१२ साली मी अगदी ह्याच जागी उभी होते. तू लातूरची, इंजिनिअरिंगसाठी सीईटी झालीय, कोथरूडला आत्याकडे राहायचं घरच्यांनी ठरवलंय, वाघोलीच्या बाजूच्या एका कॉलेजला कॉम्प्युटर मिळतंय आणि सिटीतल्या कॉलेजला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), तर लोकेशन किती बघायचं असं विचारलंयस. एकेरीवर बोलतेय, राग मानू नकोस, माझी मावसबहीण यंदाच बारावी झालीय, तुझ्याच वयाची.

मी बार्शीची. मला पण वाघोलीच्या पुढे कॉम्प्युटर मिळालं आणि मावशी कोथरूडला, म्हणजे राहायचा प्रश्नच मिटला असं घरात सगळ्यांना वाटलं. कॉलेजच्या माहितीपत्रकात पुणे स्टेशनपासून वीस मिनिटं असं छापलेलं होतं. ती वीस मिनिटं मला चार वर्षांत एकदाही दिसली नाहीत. कोथरूड डेपोवरून मनपाची, म्हणजे महापालिकेजवळच्या बसस्टँडची बस, मनपाला उतरून वाघोलीची बस, मग पुढे सहा सीटर, आणि येरवडा, विमाननगर, खराडी बायपास ह्यातल्या कुठल्याही एका चौकात अडकलं की संपलं. एका बाजूला पावणेदोन तास धर. म्हणजे रोजचे साडेतीन तास, आठवड्याचे सतरा-अठरा. ह्यातला बराचसा वेळ उभं राहून, पाठीला सॅक, हातात ड्रॉइंगची नळी.

प्रवासाचा त्रास होतो, हाल होतात एवढंच मला सांगायचं नाहीये. हाल सगळेच काढतात. पण त्या साडेतीन तासांमुळे नेमकं काय जातं हे ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगत नाही. कॉलेज सुटल्यावर जे काय होतं ना, ते सगळं जातं. लेक्चर सगळ्यांना सारखंच मिळतं, पण एम-वनची, म्हणजे फर्स्ट इयरच्या मॅथ्सच्या पहिल्या पेपरची गणितं मुली साडेपाचनंतर हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींना समजावतात, सबमिशनच्या आठवड्यात जर्नल पूर्ण करायला एकत्र बसतात, लॅब असिस्टंट संध्याकाळी थोडा वेळ लॅब उघडी ठेवतात तेव्हा प्रोग्रॅम रन करून बघतात, आणि मी त्या वेळी खिडकीतून बस येताना दिसतेय का बघत असायचे, कारण साडेपाचची चुकली तर मनपाला पोचायला अंधार आणि तिथून पुढच्या बसला लाईन. पहिल्या सेमला माझा एम-वन राहिला. मी काही ढ नव्हते, पण घरी पोचले की जेवून झोप यायची. आणि माझी ही मावसबहीण तेव्हा पाच वर्षांची, सकाळी निघताना झोपलेली असायची आणि रात्री आले की झोपलेली. एकाच घरात राहून मला ती फक्त रविवारी भेटायची.

सेकंड इयरला मी कॉलेजजवळ तीन मैत्रिणींबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या आपापल्या कॉटपुरतं भाडं देऊन राहायला गेले. मावशीला सांगणं हा त्या वर्षातला सगळ्यात अवघड दिवस होता. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं, डब्यात काही कमी पडलं का म्हणाली. आईही चिडली, घरचं माणूस असताना पैसे देऊन परक्याकडे कशाला. पण मेसचं जेवण यथातथा असूनही त्याच कॉलेजमध्ये, तेच सर, तीच बेंच, माझं सगळं बदललं. एम-वन सुटला. कॉलेजच्या एकांकिकेत प्रकाशयोजनेला उभी राहिले. पुरुषोत्तम करंडक तुला ऐकून माहीत असेल, कॉलेजांची १९६३ पासून चालत आलेली एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात होते. त्याच्या तालमी कॉलेज सुटल्यावर सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात, लांब राहणारी मुलं पहिल्या आठवड्यातच गळतात, मी फर्स्ट इयरला अशीच गळाले होते. करंडक आम्हाला मिळाला नाही पण त्या ग्रुपमधल्या माणसांमुळे मी आजही पुण्यात एकटी नाहीये.

म्हणून मला असं वाटतं की कॉलेज सिटीत आहे की बाहेर ह्याने एवढा फरक पडत नाही, तुझी कॉट आणि कॉलेजचं गेट ह्यात किती अंतर आहे ह्याने पडतो. कॉलेज हलवता येत नाही, कॉट हलवता येते.

सिटीतल्या कॉलेजचा फायदा नाही असं नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, तिथे चालत जाता येणं ही चैन आहे. कार्यक्रम, व्याख्यानं, नाटकं सगळं हाताशी. पण बाहेरच्यांचेही फायदे असतात, ते कुणी मोजत नाही. वाघोलीपासून खराडीचं आयटी पार्क जवळ, मला लास्ट इयरला इंटर्नशिप तिथेच मिळाली आणि पहिली नोकरीही, तर कोथरूडच्या मैत्रिणींना तेव्हा खराडीला यायला माझा जुना प्रवास करावा लागत होता. आकुर्डीकडची कॉलेजं लांब वाटतात पण लोणावळा लोकल आहे, शिवाजीनगरहून ट्रॅफिकचा प्रश्न येत नाही, फक्त दुपारी लोकलमध्ये मोठी गॅप असते, प्रॅक्टिकल लवकर संपलं तर स्टेशनवर बसून राहावं लागतं. आणि शिवाजीनगरचं सीओईपी वगैरे मिळत असेल, १८५४ पासूनचं कॉलेज, तर लोकेशनचा विचारच करू नको, पुण्यात कुठेही राहून कर.

मेट्रोबद्दल तुला लोक सांगतील. वनाज ते रामवाडी मार्च २०२४ पासून सलग चालू आहे, म्हणजे माझ्यासारखं कोथरूड ते मनपा बसमध्ये लटकायला लागणार नाही, विद्यार्थ्यांना पासवर ३० टक्के सवलतही आहे. पण रामवाडीच्या पुढे वाघोलीपर्यंत नगर रोडच आहे, तो तसाच तुंबतो. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली जून २०२५ मध्ये, आणि मुदत सांगितलीय चार वर्षांची. तुझं इंजिनिअरिंगही चारच वर्षांचं आहे. होणाऱ्या मेट्रोवर ॲडमिशन घेऊ नको.

एक काम मात्र नक्की कर. आईबाबांना घेऊन कामाच्या दिवशी ये, रविवारी अजिबात नको, रविवारी नगर रोड बघून कुणीही फसेल. आत्याच्या दारातून सकाळी सातला निघ, कॉलेजच्या गेटवर किती वाजता पोचतेस ते बघ, आणि संध्याकाळी साडेपाचला कॉलेज सुटतानाच परत फिर, ते जास्त महत्त्वाचं. गेटबाहेर चहाच्या टपरीवर सेकंड इयरच्या मुली असतात, त्यांना विचार की मुलींचं हॉस्टेल कॅम्पसमध्येच आहे का लांब भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, फर्स्ट इयरला मिळतं का, रात्री गेट किती वाजता बंद होतं, पाणी टँकरचं आहे का. ऑफिसमध्ये विचारशील तर सगळं आहे असंच उत्तर मिळेल.

तुझ्या बाबतीत विचारशील तर, कॉम्प्युटरच हवं असेल तर वाघोली घे, पण आत्याकडून ये-जा करून नको, हॉस्टेल किंवा जवळची रूम हे पहिल्या दिवसापासून ठरवून घे. घरचे त्या खर्चाला तयारच नसतील आणि आत्याकडेच राहावं लागणार असेल, तर मी सिटीतलं ईएनटीसी घेईन, खरंच घेईन, कोडिंग ईएनटीसीची मुलंही शिकतात आणि त्याला लागतो तो वेळ तुझ्याकडे असेल.

आणि आत्याशी फॉर्म भरायच्या आधी बोल, नंतर नको. मी मावशीला नंतर सांगितलं म्हणून तिला जास्त लागलं. कॅप राउंडला, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी ॲडमिशनच्या फेरीत, पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही, त्यामुळे राहण्याचं घरात पक्कं झाल्याशिवाय ऑप्शन फॉर्मवर पहिला नंबर टाकू नको.