निवृत्तीनंतर गोव्यातल्या खेड्यात निवांत राहायला जावं का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर पुण्यातला फ्लॅट विकून गोव्याच्या एखाद्या आतल्या गावात घर घ्यावं आणि दोघांनी निवांत राहावं, हे जमेल का?

जमेल. पण फ्लॅट विकू नका, आणि घर तर मुळीच घेऊ नका. आधी भाड्याने राहा, आणि तेही मे महिन्यात या. डिसेंबरात गोवा बघून घर घेणं म्हणजे लग्नाच्या मांडवात मुलगी बघून संसाराचा अंदाज बांधणं.

आम्ही सांगलीचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, बायको शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी चोर्ला घाट उतरून सत्तरी तालुक्यात आलो. समुद्र इथून लांब आहे. सुपारीची कुळागरं म्हणजे बागा, काजूचे डोंगर आणि म्हादईला मिळणारे ओहोळ, असा हा मुलूख. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बागाईतदाराने सांगितलं, "भाऊ, पयलीं एक पावस काडात, मागीर कितें तें थारयात." आधी एक पावसाळा काढा, मग काय ते ठरवा. मी आयुष्यभर पावसाचे आकडे रजिस्टरात भरलेला माणूस, त्यामुळे मनात जरा हसलोच.

जत-आटपाडीकडे वर्षभरात ५०० मिलिमीटर पडला तर लोक खूश. इथे वाळपई भागात वर्षाचा आकडा ४,००० च्या घरात जातो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. आकडा मला पाठ होता. पण तो घरात कसा शिरतो, हे रजिस्टरात कुठेही लिहिलेलं नसतं. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, मीठ पाणी सोडतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. माझ्या कोल्हापुरी चपलेवर पाचव्या दिवशी हिरवी लव आली. पेन्शनच्या कागदांची फाईल उघडली तर शिक्क्यावर बुरशी. मालकिणीने येऊन कपाटात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून दिला आणि दिवसातून दोन तास पेटवायला सांगितलं. आज आमच्या तिन्ही कपाटांत असे बल्ब आहेत. वाळपईच्या बाजारात ते मिळेनासे झाले तेव्हा मी सांगलीहून डझनभर मागवून घेतले. पडवीला पावसाच्या तोंडावर चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झड बांधायची, कौलं मे महिन्यातच चाळून घ्यायची. ही कामं जूनमध्ये आठवून उपयोग नसतो, कारण तोवर कौलं चाळणारा माणूस स्वतःच्या शेतात उतरलेला असतो.

वीज जाते. रात्री गेली तर सकाळी येते, झाड तारेवर पडलं तर कधी कधी परवा. इन्व्हर्टर घ्या आणि त्याची किंमत घराच्या खर्चातच धरा.

मे महिन्यात या म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तेव्हा घरोघरी पुरुमेंताची गडबड असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा, फणसाचे पापड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून ही तयारी. बायकोने त्या पहिल्या मे महिन्यात शेजारणींबरोबर बसून पापड लाटले आणि तिची ओळखपाळख माझ्याआधी दोन महिने झाली. मी तेव्हा पडवीत पुस्तक घेऊन 'सुशेगाद' बसलो होतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि बाहेरच्यांनी त्याचा अर्थ आळस असा करून टाकला. दुपारी एक ते चार बाजारात दुकानं बंद असतात हे खरं, पण तोच दुकानदार पहाटे पाचला कुळागरात पाणी लावून आलेला असतो. रिकामा बसलेला मीच एकटा होतो.

आता जमीन. सातबारा वाचायची सवय असेल तर इथे तिचा उपयोग कमीच. इथे एक-चौदाचा उतारा बघतात, आणि त्यात कुळाचं नाव आहे का ते आधी बघतात. मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, असेल तर त्याच्या घराला वेगळं संरक्षण आहे. सत्तरीत तर मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) आणि आल्वाराच्या (पोर्तुगीज काळात सरकारने दिलेल्या) जमिनींचा जुना गुंता आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या हातातही कधी कागद नसतो. शिवाय गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात सहसा नवरा-बायकोचा मालमत्तेत निम्मा-निम्मा हक्क, म्हणून विकणाऱ्या भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या लागतात. आम्हाला एक घर फार आवडलं होतं. दलाल म्हणाला, तीन सह्या. आमच्या वकिलाने मोजल्या तेव्हा अकरा निघाल्या, त्यातल्या दोन परदेशात. बयाणा दिला नव्हता, एवढंच नशीब. अजून भाड्यानेच राहतो, आणि आता त्याचं काही वाटत नाही.

तब्येतीचं स्पष्ट सांगतो. हृदयाचा किंवा डायलिसिसचा प्रश्न असेल तर सत्तरीत येऊ नका, फोंड्याच्या आसपास बघा. वाळपईला सरकारी आरोग्य केंद्र आहे, १०८ ची गाडी येते, पण मोठं काही झालं तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, गाठावं लागतं आणि पावसात तो तास-सव्वा तास फार लांब वाटतो. सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी गोव्यात पाच वर्षं वास्तव्य लागतं, तेव्हा तुमचा जुना विमा बंद करू नका. उन्हाळ्यात काजूच्या रानात हौसेने भटकू नका. गोचिडींमुळे माकडताप होतो आणि सत्तरीत त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. गवे रेडे बागेत येतात, तेव्हा फोटो काढायला जाऊ नये.

भाषेची अडचण येणार नाही, आणि हीच मला वाटतं खरी अडचण आहे. पेपर मराठी, देवळातलं भजन मराठी, गावच्या जत्रेतलं नाटकही मराठी. पण चुलीपाशी सगळे कोकणीत बोलतात. तुम्ही दिसलात की लगेच मराठीवर येतात. मराठीत बोलतात तोवर तुम्ही पाहुणे. मी वर्षभर पाहुणाच होतो, सगळे गोड बोलायचे आणि कोणी काही विचारायचं नाही.

मग दुसऱ्या पावसाळ्यात करमेना म्हणून मी अंगणात पर्जन्यमापक बसवला. नोकरीतली सवय, दुसरं काय. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, मापात ओतायची, वहीत लिहायचं. दुधाचा कॅन घेऊन जाणाऱ्या मुलाने एकदा विचारलं, "आयज कितलो पडलो?" मी सांगितलं, ६४. त्याने ते डेअरीवर सांगितलं. पंधरा दिवसांत कुळागरवाले, बसचा कंडक्टर, देवळातले भट, सगळे कुंपणापाशी थांबून विचारायला लागले, आणि तेही कोकणीत, कारण घाईत असायचे. चतुर्थीला शेजारच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची लाकडी चौकट, बांधताना मला कवंडळं आणि सुपारीचे घड वर द्यायला उभं केलं, नाव न घेता, 'पावसाकार' म्हणून.

माझी बाटली चार लिटरची होती, म्हणजे २०० मिलिमीटरपर्यंतची. सांगलीकडे नोकरीत ती कधी भरलेली पाहिली नव्हती. इथे जुलैत एका सकाळी काठोकाठ भरून वाहत होती. मी बाहेर येऊन "दोनशेच्या वर" म्हणालो तर कोणाला पटेना. "वयर म्हणल्यार कितलो?" शेवटी समोरच्या आजीने आपल्या अंगणातलं तांब्याचं भांडं दाखवलं, त्यावर तिच्या सासूच्या वेळेपासूनची खूण होती, आणि पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं. त्या दिवशी गावाने तिचाच आकडा धरला. मी आता दहा लिटरची बाटली बसवली आहे.