निवडुंगाची मुळं पाण्याच्या शोधात खूप खोल जातात, म्हणून तो वाळवंटात जगतो का?

नाही. आणि हे खोल मुळांचं खूळ एकदा कुणीतरी मिटवायला हवं, कारण त्यापायी आमच्या फोंड्याच्या घरी चांगली झाडं मेली आहेत.

आमचे थोरले दीर शेतीचं शिकलेले. निवडुंगाची रोपं घरी आली तशी भावजींनी निकाल दिला, ‘वाळवंटातलं झाड, मुळं पाताळात जाणार, कुंडी खोलच हवी.’ मी म्हटलं, पसरट आणूया. माझं कोण ऐकतंय! रंगाचे रिकामे डबे आले, परसातली लाल माती न् शेणखत ठासून भरलं, आणि पावसाळा लागला तरी सगळे डबे अंगणातच. तळची माती चवथीपर्यंत ओलीगच्च. झाडं वरून हिरवीगार, बोट लावलं तर बुंधा लिबलिबीत, आणि वास असा की मांजरसुद्धा तिकडे फिरकेना. भावजी म्हणतात, हवाच दमट, त्याला कोण काय करणार. अहो, हवेने नव्हे, मुळं गुदमरून मेली! मातीच्या पोकळ्यांत पाणी साचलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही, मग बुरशी शिरते.

आता अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला सग्वारो निवडुंग घ्या. ४० फुटांपर्यंत वाढतो. मधे दोनेक फुटांचं एक सोटमूळ. बाकी मुळं वरच्या चार-सहा इंचांतच, पण झाड जेवढं उंच साधारण तेवढी लांब पसरलेली. तिथला पाऊस खोल मुरतच नाही, तर मुळं खाली जाऊन करतील काय? तिथल्या टक्सन शहरात वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडे ३००० च्या घरात. वरची माती भिजली की निवडुंगाला काही तासांत नवी बारीक मुळं फुटू लागतात आणि मिळेल ते पाणी ओढून खोडात साठवतात. माती वाळली की ती मुळं गळतात. जाड मुळांवर बुचाचा थर असतो, शिवाय ती आकसतात आणि मातीपासून सुटतात, त्यामुळे खोडातलं पाणी कोरड्या मातीत परत झिरपत नाही. माझ्या मते खरी करामत ही आहे, पण हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून कुंडी पसरट घ्या, अर्ध्याहून जास्त चिऱ्याची बारीक खडी आणि जाड रेती घाला, शेणखत नावाला, आणि मे संपायच्या आत झाडं पारदर्शक पत्र्याखाली न्या. कुणी शिकलेलं माणूस काही म्हणालं तरी.

सगळ्याच निवडुंगांना हे लागू नाही म्हणा. पेयोटीसारख्या बुटक्या जातींचं मूळ गाजरासारखं जाड असतं, त्यांना कुंडी जरा खोलच लागते (हे आमच्या घरी कळवू नका). आणि घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तोही निवडुंगच, पण मेक्सिकोकडच्या जंगलांत झाडांवर वाढणारा. त्याला पाणी लागतं. भावजी हल्ली नेमकं त्याचंच पाणी तोडतात.