तापवलेली पट्टी मोडते का?

प्रश्न : मी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतो. त्याच्या अमॉर्फस (अणू रांगेत नसलेल्या धातूच्या) कोअरची, म्हणजे गाभ्याची, पट्टी आधी सहज दुमडत होती. गॅसच्या ज्योतीवर लाल केली, तर थंड झाल्यावर बोटांत काचेसारखी मोडली. असं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुम्ही स्वतः करून पाहिलंत, याचा फार आनंद झाला. ही पट्टी बनवताना लोखंड, सिलिकॉन, बोरॉनचा रस फिरत्या चाकावर सोडून सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगानं थंड करतात. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ज्योतीनं तुम्ही तो वेळ दिलात. साधारण ५०० अंश सेल्सिअसपुढे आधी लोखंडाचे स्फटिक उगवतात, मग बोराइडचे (लोखंड-बोरॉन संयुगाचे), आणि चुंबकीय गुण बिघडतात. ठिसूळपणा तर त्याआधीच, अणू दाटून बसू लागले की येतो.

१९८८मध्ये जपानच्या हिताची मेटल्समधल्या योशिझावांनी सहकाऱ्यांसह हेच स्फटिकीकरण कामाला लावलं. मिश्रणात थोडं तांबं आणि नायोबियम हा धातू, मग ५५० अंशांच्या आसपास तासभर तापवणं. तांब्याच्या पुंजक्यांपाशी असंख्य स्फटिक रुजतात, नायोबियम त्यांना वाढू देत नाही. ते १०-१५ नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) अडतात. चुंबकीय गुण उलट सुधारतात! धातुशास्त्र शिकवताना मला याहून सुंदर काही सापडलं नाही.

तुमची पट्टी मात्र कोअरमध्ये परत घालू नका. तुकडे उचलताना चष्मा लावा.